घरगुती पवनचक्कीचें पातें : कोणतें प्लास्टिक घ्यावें ?

विज्ञानाच्या प्रदर्शनाचे दिवस जवळ आले म्हणजे विद्यार्थी आम्हांस एक प्रश्न हटकून विचारतात : "पवनचक्कीच्या पात्यांसाठीं सर्वांत मजबूत प्लास्टिक कोणतें ?" प्रश्न साधा आहे, आणि विचारणाऱ्याची जिज्ञासाहि खरी असते. परंतु आमच्या मतें ह्या प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोंकाकडून झालेली आहे. पातें किती मजबूत आहे ह्यापेक्षां, तें मोडावयाचें झाल्यास कसें मोडेल, मोडण्यापूर्वीं कांहीं सूचना देईल कीं नाहीं, आणि आज दुकानांतून आणलेला पदार्थ दोन उन्हाळे व दोन पावसाळे काढल्यावर काय होऊन बसेल, हें आधीं विचारलें पाहिजे.

ह्या वर्षीं ह्या विषयास विशेष महत्त्व आलें आहे. वरच्या वर्गांतील कांहीं मुलामुलींनीं वसतिगृहाच्या गच्चीवर पवनचक्की उभारण्याची परवानगी मागितली आहे. दीड मीटर व्यासाची तीन पात्यांची चक्की, पातीं स्वतः कापून तयार केलेलीं, आणि तिच्यावर अभ्यासिकेंतील दोन दिवे, अशी त्यांची योजना आहे. गच्चीखालच्या अंगणांत लहान मुलें दिवसभर खेळत असतात. परवानगी द्यावी कीं न द्यावी, ह्याविषयीं शिक्षकांत व पालकांत दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, मुलांचा उत्साह मोडूं नये. दुसरा म्हणतो, असले धोक्याचे उद्योग शाळेच्या आवारांत नकोतच. आमचें मत ह्या दोन्ही पक्षांस सारखेंच अडचणीचें वाटेल अशी भीति आहे. तरी तें स्पष्ट सांगणें बरें.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. 'प्लास्टिक' हें एका पदार्थाचें नांव नव्हे. 'लांकूड' ह्या एकाच नांवाखालीं आपण साग, बाभूळ आणि शेवगा ह्या तिघांसहि बसवितों. परंतु शेवग्याच्या फांदीला झोंका बांधण्याचें साहस कोणीहि शहाणा मनुष्य करीत नाहीं. प्लास्टिकांतहि असेच साग आहेत आणि असेच शेवगे आहेत. कांहीं ताठ पण कांचेसारखीं ठिसूळ, कांहीं चिवट पण लोण्यासारखीं ढिलीं, कांहीं सावलींत उत्तम आणि उन्हांत निकामी. घरांत तीं सर्व एकाच टोपलींत पडतात म्हणून आपणांस तीं एका जातीचीं वाटतात, एवढेंच.

आतां पात्यावर काय प्रसंग गुदरतो तें पाहूं. मुलांच्या योजनेंतील पातें सुमारें ७५ सेंटिमीटर लांब होईल. त्याचें वजन ६०० ग्रॅम धरूं, आणि त्याचा गुरुत्वमध्य आंसापासून ३० सेंटिमीटरवर आहे असें समजूं. साधारण चांगल्या वाऱ्यांत ही चक्की मिनिटास ६०० फेरे घेऊं शकेल. त्या वेळीं पात्याचें टोंक ताशीं सुमारें १७० किलोमीटर वेगानें धांवत असतें. आणि फिरण्यामुळें तें पातें मध्यभागच्या तुंब्यापासून सुटून बाहेर जाण्यासाठीं जी ओढ घेतें, ती हिशेबानें सुमारें ७२ किलोग्रॅम वजनाइतकी भरते. अर्धा-पाऊण किलोच्या पात्याला एक धष्टपुष्ट मनुष्य लोंबकळत आहे अशी कल्पना करा. फेरे दुप्पट झाले तर ही ओढ दुप्पट होत नाहीं, चौपट होते. म्हणजे पावणेतीनशें किलोग्रॅमच्याहि वर जाते. आणि फेरे दुप्पट होण्यास वादळच यावें लागतें असें नाहीं. जनित्राची तार बॅटरीपासून सुटली, कीं चक्कीवरचा भार नाहींसा होतो, आणि मोकाट सुटलेल्या बैलाप्रमाणें ती धांवूं लागते.

हा हिशेब वर्गांत मांडला म्हणजे एखादा चलाख विद्यार्थी लगेच उठून म्हणतो, "पण गुरुजी, पी.व्ही.सी.चा नळ चौरस सेंटिमीटरास सुमारें ५०० किलोग्रॅम ओढ सहन करतो. पात्याचा बुंधा १० सेंटिमीटर रुंद आणि अर्धा सेंटिमीटर जाड धरला, तर चौरस सेंटिमीटरास १४-१५ किलोग्रॅमच भार येतो. मग भीति कसली ?" हें अगदीं बरोबर आहे ! आणि म्हणूनच आम्ही म्हणतों कीं, मजबुतीचा आंकडा विचारणें व्यर्थ आहे. केवळ ओढीनें पातें तुटावयाचें असतें तर जवळजवळ कोणतेंहि प्लास्टिक चाललें असतें. पातीं तुटतात तीं वांकण्यानें, थरथरण्यानें, भोंकांजवळच्या लहानशा चिरेमुळें, आणि उन्हानें. वारा एका वेगानें कधींच वाहत नाहीं. प्रत्येक झोताबरोबर पातें मागें वांकतें आणि पुनः सरळ होतें. मिनिटास ६०० फेरे म्हणजे तासास ३६,००० फेरे. आणि फेऱ्यागणिक तें खांबासमोरून जातें तेव्हां त्याला एक हिसका बसतो तो निराळाच. एकदां वांकविल्यानें न मोडणारी तार दहावीस वेळां मागेंपुढें वांकविली म्हणजे मोडते, हें कोणत्याहि मुलाला ठाऊक आहे. पात्याचें दुखणें हेंच आहे.

ह्या कसोटीवर निरनिराळीं प्लास्टिकें घासून पाहिलीं म्हणजे पुष्कळ उमेदवार आपोआप गळतात. दुकानांच्या पाट्यांसाठीं वापरतात तें ॲक्रिलिक दिसण्यांत सुंदर, ताठ, आणि उन्हाला तर फारच खंबीर. परंतु मोडतें तें कांचेप्रमाणें, सूचना न देतां आणि धारदार तुकडे उडवीत. पात्यासाठीं तें मुळींच नको. पाण्याच्या बाटल्यांचें प्लास्टिक खेळण्यांतल्या भिंगरीस ठीक आहे. मंडपवाल्याच्या खुर्च्या ज्या पॉलिप्रोपिलीनच्या असतात, त्यांचे पाय कांहीं वर्षांनीं जेवणाच्या पंगतींतच कसे मोडतात तें आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. तो उन्हाचाच प्रताप. बाजारांत मिळणाऱ्या निळ्या पिंपांचें पॉलिथिलीन चिवट खरें, तें एकाएकीं फुटत नाहीं हा त्याचा मोठा गुण. परंतु तें इतकें ढिलें असतें कीं सतत भाराखालीं हळूहळू लांबत व वांकत जातें, आणि जोराच्या वाऱ्यांत मागें लवून खांबावर आपटतें. शिवाय त्याला कोणताहि डिंक नीट धरीत नाहीं. अशा पिंपांतून पूर्वीं कोणतें रसायन आलेलें होतें ह्याची खात्री नसल्यास त्याला करवत लावूं नये, हें वेगळें सांगावयास नको.

पॉलिकार्बोनेट हें ह्या सर्वांत शूर. पोलिसांच्या पारदर्शक ढाली त्याच्याच असतात. आघात सोसण्यांत त्याला तोड नाहीं. पण त्यालाहि एक शाप आहे : पेट्रोल, थिनर, किंवा नळ जोडण्याचें द्रावण त्याला लागलें, तर त्यावर बारीक चिरांचें जाळें पसरतें आणि तो शूर शिपाई एका रात्रींत म्हातारा होतो. मुलें रंग देण्यापूर्वीं हात व वस्तु थिनरनें पुसतात, म्हणून हें मुद्दाम सांगितलें. त्याची किंमतहि मुलांच्या खिशास परवडणारी नाहीं.

अलीकडे कित्येक शाळांतून त्रिमिती छपाईचीं यंत्रें आलीं आहेत, आणि वाटेल तो आकार संगणकावर काढून छापून घेण्याची सोय झाली आहे. वाऱ्याच्या शास्त्रास अनुसरून हवें तसें पिळदार पातें ह्या यंत्रांतून निघतें, व तें पाहून परीक्षक मोहित होतात. परंतु ह्या यंत्रांत बहुधा जें प्लास्टिक घालतात त्याचें नांव पी.एल.ए.; तें सुमारें ६० अंश सेल्सियसला मऊ पडूं लागतें. वैशाखांत विदर्भांतल्या किंवा खानदेशांतल्या उन्हांत ठेवलेली काळसर वस्तु ह्या उष्णतेपर्यंत सहज पोंचते. शिवाय छापलेलें पातें थरावर थर ठेवून झालेलें असतें, आणि दोन थरांमधील सांधा हीच त्याची दुखरी बाजू. टेबलावर पंख्यापुढें ठेवण्यासाठीं असें पातें अवश्य छापावें. गच्चीवर नको.

राहतां राहिला पी.व्ही.सी.चा नळ. आमच्या शेतकरी पालकांच्या घरीं तो आडवातिडवा पडलेला असतोच, आणि जगांतील बहुतेक हौशी कारागिरांचें पहिलें पातें त्याच्यांतूनच निघतें. ह्याचें कारण केवळ स्वस्ताई नव्हे. नळाची भिंत मुळांतच गोलाईदार असते; तो उभा चिरून योग्य तिरक्या रेषेनें कापला, कीं पात्याला हवा असलेला बांक व थोडासा पीळ आयताच मिळतो. रंधा नको, सांचा नको. नळाचा व्यास पात्याच्या लांबीच्या पांचव्या हिश्श्याइतका असावा असा एक अंदाज कारागीर बाळगतात. म्हणजे आमच्या मुलांच्या पाऊण मीटर पात्याला १६० मिलिमीटरचा नळ बरा. आणि पी.व्ही.सी.चा सर्वांत मोलाचा गुण असा कीं, चांगल्या प्रतीचा ताजा नळ जास्त वांकला म्हणजे मोडण्यापूर्वीं त्या जागीं पांढरा पडतो. हा त्याचा बोलण्याचा प्रकार आहे. ज्याला पाहण्याची संवय आहे त्याला ती पांढरी रेघ दिसते, आणि तो चक्की थांबवितो.

ह्या नळाच्या पात्यांनीं एके ठिकाणीं केवढें काम केलें, त्याची हकीगत येथें सांगण्याजोगी आहे. आफ्रिकेंतील मलावी देशांत २००१-०२ सालीं भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळीं विल्यम कामक्वांबा ह्या चौदा वर्षांच्या शेतकरी मुलाला फी देतां न आल्यामुळें माध्यमिक शाळा सोडावी लागली. शिकण्याची तहान मात्र सुटेना. गांवच्या प्राथमिक शाळेंतील लहानशा ग्रंथालयांत तो जाऊन बसे. तेथें एका इंग्रजी पुस्तकांत त्यानें पवनचक्कीचें चित्र पाहिलें. इंग्रजी बेताचें येत असल्यामुळें तो आकृत्यांवरून अर्थ लावी. ट्रॅक्टरचा टाकाऊ पंखा, सायकल, तिचा डायनॅमो आणि पी.व्ही.सी.चा नळ, एवढ्या सामग्रीवर त्यानें चक्की उभारली व घरांत दिवा लावला. बोल्टाखालीं घालण्यास वॉशर मिळेनात, तेव्हां त्यानें बाटल्यांचीं पत्र्याचीं बुचें गोळा करून, ठोकून चपटीं केलीं व त्यांना भोंकें पाडलीं. ही शेवटची गोष्ट वाचून आम्हांस त्या मुलाविषयीं सर्वांत अधिक आदर वाटला. कारण बोल्टाचें लहान डोकें प्लास्टिकवर एकाच ठिकाणीं रुतून बसतें आणि चीर तेथूनच सुरू होते. रुंद वॉशरनें भार पसरतो. ज्याला कोणीं शिकविलें नव्हतें त्यानें ही गोष्ट ओळखली, आणि आमच्या प्रदर्शनांतील कित्येक नमुन्यांत वॉशर शोधूनहि सांपडत नाहींत.

परंतु त्याच हकीगतींतील एका गोष्टीचें अनुकरण आमच्या मुलांनीं करूं नये. नळ सपाट करण्यासाठीं त्यानें तो विस्तवावर धरून मऊ केला. त्याच्यापाशीं दुसरें साधन नव्हतें, आपणांपाशीं आहे. पी.व्ही.सी.च्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग क्लोरिनचा असतो. तो नळ सुमारें ८० अंशांना मऊ होतो, पण उघड्या विस्तवावर उष्णता कोठें थांबते हें कोणास कळणार ? एक बाजू मऊ होते तोंच दुसरी करपूं लागते; आणि करपलेल्या पी.व्ही.सी.मधून हायड्रोजन क्लोराइडचा वायु निघतो, जो नाकाघशांतील ओलाव्यांत मिसळला कीं हायड्रोक्लोरिक आम्लच होतें. स्वयंपाकघरांतील शेगडीवर, दार लावून, धाकट्या भावंडांना भोंवतीं बसवून नळ भाजणारे विद्यार्थी आम्हांस ठाऊक आहेत. पालकांनीं हें कडक शब्दांत बंद करावें. नळ मऊ करावयाचाच असेल तर उकळतें पाणी पुरेसें आहे, आणि तें काम मोठ्या माणसानें, जाड हातमोजे घालून, उघड्यावर करावें. वर सांगितलेल्या तिरक्या कापाच्या पद्धतींत तर मऊ करण्याची गरजच पडत नाहीं. करवतीचा भुसाहि नाकातोंडांत जाऊं देऊं नये, फडकें बांधावें.

नळ घेतांना मुलांनीं दुकानदाराच्या जिभेपेक्षां नळावर छापलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवावा. पाणीपुरवठ्याच्या नळावर त्याची दाब सोसण्याची शक्ति छापलेली असते. ती जितकी अधिक तितकी भिंत जाड. सांडपाण्याचा पातळ नळ ह्या कामास घेऊं नये. दुकानापुढें उन्हांत वर्षभर पडलेला नळ स्वस्त मिळाला तरी नको. जो नळ शेतांत उघड्यावर दोन-तीन उन्हाळे पडून राहिला, तो पुढें बैलाच्या खुराखालींच काय पण माणसाच्या पायाखालीं कसा फटकन् फुटतो, हें शेतकऱ्याच्या मुलाला पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. तोच नळ, तीच जाडी, तीच छापलेली अक्षरें. पण आतां तो पांढरा पडून सूचना देत नाहीं, एकदम तुटतो. मूकपणानें मोडणें हीच पात्याची सर्वांत वाईट खोड. पांढरा रंग दिल्यानें हें म्हातारपण लांबतें, टळत नाहीं. कडा कापल्यावर पॉलिश कागदानें गुळगुळीत घासाव्या, कारण करवतीचा प्रत्येक दांत एक लहान चीर मागें ठेवतो. तिन्ही पातीं एकाच नळांतून कापावीं, आणि स्वयंपाकघरांतील तराजूवर तोलून सारख्या वजनाचीं करावीं. नाहीं तर चक्की कापऱ्या माणसासारखी खांब हलवीत राहील.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं आम्ही पी.व्ही.सी.चे भक्त आहोंत. तसें नाहीं. दीड मीटर व्यासापर्यंत, शिकण्यासाठीं, एक-दोन वर्षांपुरता हा पदार्थ आम्ही योग्य मानतों, त्यापुढें नाहीं. आणि त्यापुढें कोणतें प्लास्टिक घ्यावें, असें विचाराल तर आमचें उत्तर : नुसतें कोणतेंहि घेऊं नये, लांकडाकडे वळावें. सागाचें लांकूड पी.व्ही.सी.हून तिपटीनें अधिक ताठ, आणि वजनानें त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे तेवढ्याच वजनांत लांकूड सात-आठ पट ताठपणा देतें. शिवाय वारंवार वांकणें आणि सरळ होणें हा झाडाचा जन्मापासूनचा धंदा आहे. अमेरिकेंतील जेकब्ज बंधूंच्या पवनचक्क्या १९३० च्या सुमारास तेथील एकाकी शेतमळ्यांवर वीज देऊं लागल्या, त्यांचीं पातीं स्प्रूस ह्या लांकडाचीं होतीं. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्कोरेग नांवाचें एक द्वीपकल्प आहे, जेथें होडीनें किंवा पायींच जावें लागतें. तेथें राहणाऱ्या ह्यू पिगॉट ह्यांनीं जगभरच्या हौशी लोकांना चक्क्या बांधावयास शिकविलें, आणि तेहि पातीं लांकडाचीं कोरावयास शिकवितात. आमच्या गांवचा सुतार हें काम करण्यास पुरा समर्थ आहे. त्याच्याकडे मुलांना पाठवावें असें कोणा पालकाच्या मनांत येत नाहीं, ही मात्र खेदाची गोष्ट होय.

साताऱ्याकडील वनकुसवडे व चाळकेवाडीच्या पठारांवर ज्या प्रचंड चक्क्या सहलीच्या वेळीं आपण पाहतों, त्यांचीं पातीं प्लास्टिकचींच नव्हेत काय, असा आक्षेप येईल. होय आणि नव्हेहि. त्यांत राळेसारखें प्लास्टिक असतें, पण भार वाहतात ते त्यांतील कांचेचे धागे. प्लास्टिक त्यांना केवळ एकत्र बांधून ठेवतें. मातीच्या भिंतींत जसा काथ्या किंवा पेंढा, तसा हा प्रकार. डेन्मार्कमध्यें उल्फबोर्गजवळ त्विन्द येथील शाळेच्या शिक्षकांनीं व विद्यार्थ्यांनीं, इतर स्वयंसेवकांच्या मदतीनें, १९७५ सालीं ५४ मीटर व्यासाची चक्की बांधावयास घेतली, आणि १९७८ च्या मार्चमध्यें ती चालूं केली. तिचीं पातीं त्यांनीं स्वतः कांचेच्या धाग्यांचीं घडविलीं. शाळेनें एवढें काम करावें हें वाचून छाती अभिमानानें फुगते. परंतु त्यांना तीन वर्षें लागलीं आणि जाणत्या इंजिनिअरांचा सल्ला त्यांनीं पावलोपावलीं घेतला, हेंहि त्याबरोबरच वाचावें. आमच्या मुलांना प्रदर्शनापूर्वीं तीन आठवडे मिळतात.

आणि जाणत्यांचींहि पातीं मोडतात. अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानांत ग्रँडपाज् नॉब नांवाच्या टेकडीवर १९४१ सालीं त्या काळची जगांतील सर्वांत मोठी पवनचक्की उभी राहिली होती. तिचीं पातीं पोलादाचीं. पात्याच्या बुंध्यांतील कमजोरी तज्ज्ञांच्या ध्यानांत आलेली होती. परंतु महायुद्धाच्या टंचाईंत दुरुस्तीचें साहित्य मिळेना, आणि चक्की तशीच चालविली गेली. १९४५ च्या मार्चमध्यें एके रात्रीं सुमारें आठ टनांचें तें पातें तुटलें आणि सुमारें ७५० फुटांवर जाऊन पडलें. तें गांवावर पडलें नाहीं हें दैव. ह्या अपघाताचा दोष पोलादास देतां येणार नाहीं. दोष ठाऊक असतांना चक्की फिरत ठेवली गेली, हें त्यांतील मर्म. आणि शाळेच्या चक्कीच्या बाबतींत आमची भीति नेमकी हीच आहे. पहिल्या महिन्यांत सर्वांचें लक्ष असतें. परीक्षा आल्या, सुट्टी लागली, हौशी मुलें शाळा सोडून कॉलेजांत गेलीं, कीं चक्की एकटीच फिरत राहते, आणि नळाचें पातें वर उन्हांत गुपचूप म्हातारें होत जातें.

कांहीं पालकांनीं विचारलें आहे कीं, दोन दिव्यांसाठीं एवढा खटाटोप कशाला, गच्चीवर सौर तक्ता कां ठेवूं नये ? विजेपुरतेंच पाहिलें तर त्यांचें म्हणणें खरें आहे, आणि तें आम्ही मुलांपासून लपवीत नाहीं. वाऱ्याचा वेग निम्मा झाला कीं त्यांतील शक्ति एक-अष्टमांश उरते. ही चक्की सेकंदास ८ मीटरच्या वाऱ्यांत फार तर सव्वाशें वॉट देईल, तर ४ मीटरच्या वाऱ्यांत पंधरा-सोळा वॉटांवर येईल. आणि इमारतींनीं वेढलेल्या गच्चीवर वारा ह्याहून मंद व घुसळलेला असतो. चक्की विजेसाठीं मागावी असें आमचें म्हणणेंच नाहीं. मुलाला पदार्थ निवडतां यावा, भोंकाची जागा ठरवितां यावी, आपल्या हातानें केलेल्या वस्तूखालीं उभें राहण्यास कोणाला परवानगी द्यावी ह्याची जबाबदारी घेतां यावी, ह्यासाठीं आम्हांला ती हवी आहे. हें शिक्षण सौर तक्ता विकत घेऊन मिळत नाहीं. रंगरंगोटी केलेला तयार नमुना बाजारांतून आणून बक्षीस मिळविल्यानें तर नाहींच नाहीं.

म्हणून आमचें मत असें : परवानगी द्यावी, पण गच्चीची नव्हे. मैदानाच्या पश्चिम कोपऱ्यांत, कुंपणापलीकडे, जेथें कोणी खेळत नाहीं, तेथें खांब उभारावा. आणि पातीं ज्या वर्तुळांत फिरतात त्या पातळीच्या रेषेंत कोणीं उभें राहूं नये, कारण सुटलेलें पातें त्याच रेषेनें जातें. चक्की थांबविण्याची कळ खांबाच्या पायथ्याशीं असावी, व ती प्रत्येक शिक्षकास ठाऊक असावी. पातीं पी.व्ही.सी.चीं असल्यास दुसऱ्या उन्हाळ्यानंतर, दिसावयास धडधाकट असलीं तरी, उतरवावीं. पुढच्या तुकडीनें सुताराकडे बसून सागाचीं करावीं.

आणि एक सूचना, जी मुलांनीं अवश्य अंमलांत आणावी. तीन पातीं कापतांना त्याच नळाचीं आणखी दोन कापावीं. एक प्रयोगशाळेच्या कपाटांत अंधारांत ठेवावें, आणि दुसरें, चक्कीवर न बसवितां, गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून नुसतें उन्हांत बांधून ठेवावें. पुढील वर्षीं ह्याच सुमारास दोन्ही पातीं पोत्यांत गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून, एकाच हातोड्यानें मोडून पाहावीं. कोणतें पांढरें पडून वांकलें, कोणतें फटकन् तुटलें, तें तारखेसह लिहून ह्या अंकाच्या संपादकांकडे द्यावें. आम्ही तें पुढच्या वार्षिकांत आनंदानें छापूं.